बाल्कनीतली एक कुंडी आणि कलम 10

(लोकलच्या गर्दीत इयरफोन लावूनही ज्यांना काही ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून ठेवलाय. जसं बोलले तसंच आहे. फक्त 'म्हणजे' हा शब्द तीसेक वेळा काढून टाकलाय.)

 

आजचा विषय एका मेसेजमुळे सुरू झाला. रात्री पावणेबाराला आला. पाठवणारा माझा शाळेपासूनचा मित्र, मुलुंड पूर्वेला आमच्याच कॉलनीत राहतो. त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, कॅन्सर आहे आणि तो हाडांत पसरलाय. मेसेज एवढाच होता: "एक विचारू का? बाल्कनीत एकच झाड लावलं तर काय होईल?"

कसलं झाड, ते त्याने लिहिलं नव्हतं. मला कळलं.

आता हा मुलगा साधा. सिगरेटही ओढत नाही. त्याने कुठेतरी व्हिडिओ पाहिला होता, अमेरिकेतली एक बाई सांगत होती की गांजाच्या तेलाने तिच्या वडिलांचं दुखणं कमी झालं, झोप लागली. काकू तेव्हा रात्र रात्र बसून काढत होत्या, आडवं झालं की कंबर दुखायची. अशा वेळी माणूस काय वाटेल ते शोधतो. त्याला मी सकाळी फोन केला आणि आधी कायद्याचं सांगितलं. मी वकील नाही आणि डॉक्टर तर नाहीच नाही. पण कायदा कुणीही वाचू शकतं, सरकारच्या साइटवर पडलेला आहे.

तर एनडीपीएस कायदा, 1985 चा. कलम 20. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. गांजा *जवळ बाळगणं* ही एक. तिथे प्रमाण बघतात. 1 किलोपर्यंत 'अल्प प्रमाण', शिक्षा 1 वर्षापर्यंत. 20 किलोपेक्षा जास्त म्हणजे 'व्यापारी प्रमाण', तिथे किमान 10 वर्षं. ठीक. दुसरी गोष्ट *लागवड*. तिथे प्रमाणच नाही! कायदा म्हणतो, कुठलंही गांजाचं झाड लावलं तर 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. शिरपूरच्या डोंगरात एकरभर लावणारा आणि मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर कुंडीत एक रोप लावणारा, दोघं एकाच ओळीत. न्यायाधीश शिक्षा कमी देऊ शकतात, हो. पण त्याआधी अटक, जामीन, वकील, तारखा. शिवाय भाड्याचं घर असेल आणि मालकाला माहीत असूनही त्याने चालू दिलं, तर कलम 25 खाली तोही अडकतो.

म्हणजे गंमत बघा. त्याच आईसाठी त्याने रस्त्यावरून पुडी आणली असती तर कायद्याच्या नजरेत गुन्हा लहान. कुणा डीलरला पैसे न देता, घरात, स्वच्छ मातीत एक रोप लावलं तर गुन्हा मोठा.

मी हे सांगितलं तर तो गप्प झाला. मग म्हणाला, "मग तिकडच्यासारखी डिस्पेन्सरी इथे का नाही?"

आणि इथे मी अडकले. कारण 'डिस्पेन्सरी' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पालिकेचा दवाखाना येतो. कंपाउंडर, लाकडी बाक, लाल औषधाची बाटली. 'आपला दवाखाना'त गांजा? पण प्रश्न चुकीचा नव्हता. म्हणून मी दोन आठवडे वाचत बसले, आणि मग आमच्या ग्रुपला घाटकोपरला एका मैत्रिणीच्या घरी बोलावून त्यावर भांडलो. एक जण बोरिवलीचा, वकिली करतो. एक जण नर्स आहे. त्या भांडणातलं बरंचसं आज सांगतेय.

पहिली गोष्ट, जी मला अजिबात माहीत नव्हती. आपल्याला वाटतं की हे सगळं दिल्लीच्या हातात आहे. संसदेत बिल यायला हवं वगैरे. बिल आलंही होतं. पटियालाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी 2016 मध्ये एनडीपीएस बदलण्यासाठी खासगी विधेयक आणलं. खासगी विधेयकांचं पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. 2017 मध्ये मनेका गांधी मंत्री असताना औषधी वापरासाठी परवानगी द्या असं म्हणाल्या. बातमी झाली, संपली.

पण त्याच 1985 च्या कायद्यात कलम 10 आहे. ते म्हणतं, राज्य सरकार नियम करून गांजाची लागवड, उत्पादन, बाळगणं, वाहतूक, विक्री, खरेदी, अगदी सेवन किंवा वापर यालाही परवानगी देऊ शकतं आणि त्यावर नियंत्रण ठेवू शकतं. चरस सोडून. आणि कलम 8, जिथे सगळी बंदी लिहिलीय, तिथेच अपवादही लिहिलाय: वैद्यकीय किंवा वैज्ञानिक कारणासाठी. म्हणजे दार भिंतीत आधीपासून आहे. किल्ली मंत्रालयात आहे, चर्चगेटपासून दहा मिनिटांवर.

बोरिवलीकर वकील लगेच म्हणाला, "इतकं सोपं नाही गं." बरोबर आहे त्याचं. नियम केले तरी पुढे औषध म्हणून विकायला औषध प्रशासनाचे परवाने लागतील, चाचण्या लागतील. आणि आपल्या राज्यात दारूबंदीचा 1949 चा कायदा वेगळाच आहे, त्यात तर भांगसुद्धा मादक पदार्थांत धरलीय. केंद्राच्या कायद्यात नुसती पानं गांजात मोडत नाहीत. म्हणून बनारसला भांगेची सरकारी परवान्याची दुकानं आहेत. आपल्याकडे नाहीत. होळीला कोण कुठे काय पितं ते सोडा.

तर किल्ली आहे, पण कुणी फिरवायला बघितलं का? शेजारी गोव्यात बघितलं. डिसेंबर 2020 च्या शेवटी बातमी आली की औषधी वापरासाठी गांजा लावण्याच्या प्रस्तावाला गोव्याच्या कायदा खात्याने हिरवा कंदील दिलाय. प्रस्ताव जम्मूच्या आयआयआयएमचा होता. ही सीएसआयआरची सरकारी संस्था, संशोधनासाठी रीतसर परवानगी घेऊन गांजा लावते. दोन दिवसांत गोव्यात गदारोळ. आधीच ड्रग्जसाठी बदनाम, आता सरकारच लावणार का, वगैरे. मुख्यमंत्री प्रमोद सावंत म्हणाले, निर्णय झालेला नाही. फाइल तिथेच थांबली. त्याच महिन्यात, 2 डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सगळ्यांत कडक यादीतून काढायचं का यावर मतदान झालं. 27 विरुद्ध 25. भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं. तिकडे व्हिएन्नात हो, इकडे पणजीत नको.

आणि आपल्या सोलापुरात? 2021 च्या ऑगस्टमध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला. दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या, कारण बाकी कुठल्याच पिकाला भाव नाही. 15 सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजून 16 पासून लावतो! पोलिसांनी याला प्रसिद्धीचा स्टंट म्हटलं. असेलही. पण त्याने अर्ज बरोबर दाराशीच नेला होता असं मला वाटतं. राज्याला विचारलं.

हिमाचल बराच पुढे गेलाय. 2023 मध्ये समिती, सप्टेंबर 2024 मध्ये विधानसभेने तिचा अहवाल स्वीकारला, जानेवारी 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दोन कृषी-बागायती विद्यापीठांना प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. पण तिथेही भाषा शेतकऱ्याच्या उत्पन्नाची आणि राज्याच्या महसुलाची आहे. रुग्ण कुठे आहे? शोधावा लागतो.

आता मी खरं कशावर अडकले ते सांगते. समजा, मंत्रालयाने उद्या नियम केले. मग काय होईल? आपल्याकडे याची दोन उदाहरणं आहेत आणि दोन्ही बिघडलेली.

पहिलं उदाहरण, परमिट रूम. अंधेरी स्टेशनबाहेर बोर्ड मोजा. 'परमिट' कसलं? महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो. एका दिवसाचा 5 रुपये, वर्षाचा 100, आयुष्यभराचा 1000. आणि तो परवाना कशासाठी दिला जातो, तर 'आरोग्य राखण्यासाठी'. खरंच. आपल्या राज्यात शुक्रवारी रात्री बिअर पिणारा प्रत्येक माणूस कागदोपत्री प्रकृतीसाठी पितोय. कुणी डॉक्टर तपासत नाही, परवाना कुणी विचारत नाही, आणि पोलिसाला वाटलं तर मात्र विचारू शकतो. कॅलिफोर्नियात 1996 मध्ये औषधी गांजा कायदेशीर झाला तेव्हा पहिल्या काही वर्षांत असंच झालं. पाठ दुखते म्हणा, कार्ड घ्या. थायलंडने जून 2022 मध्ये गांजा यादीतून काढला, नियम नंतर करू म्हणाले, गल्लोगल्ली दुकानं निघाली, आणि जून 2025 मध्ये परत डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली. मधल्या काळात आपल्या अंधेरीच्या विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या बॅगांत हायड्रोपोनिक गांजा सापडायच्या बातम्या इतक्या झाल्या की आता कुणी वाचतही नाही.

दुसरं उदाहरण मॉर्फिन. हे जास्त महत्त्वाचं, म्हणून इथे थोडी थांबते.

मॉर्फिन अफूपासून होतं. अफू भारतात सरकारी परवान्याने पिकते, आपण जगाला पुरवतो. कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिनची गोळी चालते याबद्दल जगात कुठे वाद नाही, आणि गोळी स्वस्त आहे. 1985 च्या कायद्याने तिच्यावर बंदी घातलीच नव्हती! वैद्यकीय वापराला मुभा होती. पण परवाने इतके, खाती इतकी वेगवेगळी आणि शिक्षेची भीती इतकी की हॉस्पिटलांनी ठेवणंच सोडलं. मेडिकलवाल्यांनी सोडलं. डॉक्टरांची एक आख्खी पिढी ती न लिहिताच शिकली. 2014 मध्ये संसदेने कायदा बदलला, मॉर्फिन आणि अशी काही औषधं 'अत्यावश्यक' ठरवली, परवान्यांचा गुंता कमी केला. त्यानंतर फरक पडलाय. पण तीस वर्षांत लागलेली सवय एका दुरुस्तीने जात नाही.

आमच्या नर्स मैत्रिणीने त्या रात्री हेच विचारलं. म्हणाली, "तुम्ही गांजावर दोन तास भांडताय. काकूंना मॉर्फिन चालू आहे का?"

मी मित्राला विचारलं. नव्हतं. एका मोठ्या हॉस्पिटलात उपचार चालू होते, आणि तिथे दुखण्याच्या गोळीच्या पुढे कुणी गेलंच नव्हतं. घरच्यांनीही विचारलं नव्हतं, कारण मॉर्फिन म्हणजे 'आता शेवट आला' असं त्यांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

म्हणून मला भीती ही आहे. औषधी गांजाचा कायदा आला तर तो एक तर परमिट रूम होईल, ज्यात 'औषध' हे नुसतं नाव. किंवा मॉर्फिन होईल, ज्यात औषध खरं पण मिळत कुणालाच नाही. दोन्हीत काकू रात्रभर बसूनच राहणार.

मग घरच्या झाडाचं काय? इथे आमचं खरं भांडण झालं.

नर्स म्हणाली, नको. घरच्या झाडात किती काय आहे हे कुणाला कळणार? टीएचसी किती, बुरशी आहे का, केमोमुळे प्रतिकारशक्ती गेलेल्या माणसाला ते देणार? तिचं म्हणणं मला पटलं. औषध म्हणून ज्याचा पुरावा पक्का आहे ते मोजून दिलेलं असतं. लहान मुलांच्या काही दुर्मिळ, भयंकर फिट्सवर 2018 मध्ये अमेरिकेत एपिडिओलेक्स मंजूर झालं, ते शुद्ध सीबीडीचं द्रावण, मिलिलिटरमध्ये. केमोच्या उलट्यांवर, एमएसमधल्या स्नायूंच्या ताठरपणावर गांजातल्या घटकांची औषधं चालतात. जुनाट दुखण्यावर थोडा फायदा, सगळ्यांना नाही. आणि कॅन्सर बरा होतो हे व्हॉट्सॲपवर येतं ना, त्याला माणसांवरच्या अभ्यासाचा आधार नाही. उलट विशीच्या आतल्या मुलांत, घरात मानसिक आजाराचा इतिहास असेल तर, सायकोसिसचा धोका वाढतो. हे ऐकणाऱ्यांत अनेक जण त्याच वयाचे आहात म्हणून स्पष्ट सांगतेय.

वकील म्हणाला, ठीक आहे, औषध चांगलं नसेल. पण म्हणून 10 वर्षं? जर्मनीत एप्रिल 2024 पासून मोठ्या माणसाला घरी 3 झाडं चालतात. कॅनडात बहुतेक ठिकाणी घरटी 4. दक्षिण आफ्रिकेत 2018 मध्ये सर्वोच्च घटनात्मक कोर्टाने सांगितलं की खासगी जागेत स्वतःपुरतं लावणं हा खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. खासगीपणाचा हक्क आपल्याकडेही 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने मूलभूत मानलाय. मग?

मी म्हटलं, आफ्रिकेतलं 'खासगी' आणि मुलुंडमधलं खासगी एक नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये सुके बोंबील भाजले तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो. या झाडाचा फुलोऱ्यातला वास तीन मजले जाईल. शेजारी पोरं असतील. सगळे हसले, पण प्रश्न खरा आहे. इथे माणसाच्या मालकीची जमीन म्हणजे बाल्कनीची ग्रिल.

तरी एका गोष्टीने माझं मत थोडं हललं. न्यू जर्सीत, एडिसनच्या बाजूला, आपली किती मराठी माणसं आहेत. तिथे औषधी गांजाचा कायदा 2010 पासून आहे, 2022 पासून दुकानात कुणालाही मिळतो, फक्त 21 पूर्ण हवं. पण घरी एक झाड लावलं तर अजून गुन्हा. रुग्णालाही. म्हणजे दुकानदाराला हक्क आहे, आजाऱ्याला नाही. दुकान सांगेल तो भाव. आपल्याकडे याची झलक आत्ताच दिसते: आयुर्वेदाच्या परवान्यावर 'विजया'च्या पानांचं तेल ऑनलाइन मिळतं, वैद्याच्या चिठ्ठीवर, आणि बाटली हजारांच्या घरात. कायदेशीर आहे. काकूंच्या पेन्शनमध्ये बसत नाही.

आणि पकडलं कोण जातं ते बघा. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांतल्या 2017 आणि 2018 च्या हजारो एनडीपीएस केसेस तपासल्या. बहुतेक केसेस गांजा ओढल्याच्या. आणि शिक्षा झालेले कोण, तर रोजंदारीवरची, झोपडपट्टीत नाहीतर फुटपाथवर राहणारी माणसं. अंधेरीच्या टॉवरमध्ये ओढणारे त्या फायलींत सापडत नाहीत.

तर मी कुठे उभी आहे? विचारलंत म्हणून सांगते. रुग्णांसाठी वेगळं दुकान नको. जिथे आज मॉर्फिन ठेवायला मान्यता मिळते, त्याच मान्यताप्राप्त हॉस्पिटलांच्या कपाटात, तपासलेलं, मोजलेलं, सरकारी भावाने. कलम 10 खाली राज्याने तेवढेच नियम करावेत, आणि त्याआधी तेच कपाट मॉर्फिनने भरावं. घरच्या झाडाला मी 'औषधाचा हक्क' म्हणणार नाही. पण कलम 20 मध्ये लागवडीलाही अल्प प्रमाण हवं, दोन-तीन झाडं, दंडावर भागेल असं. त्यासाठी मात्र दिल्लीच लागेल. नर्सला माझं पहिलं पटलं, दुसरं नाही. वकिलाला दुसरं अपुरं वाटलं. पिठलं-भाकरी खाऊन सगळे घरी गेलो.

काकूंचं सांगायचं राहिलं. मित्र त्यांना परळला घेऊन गेला, पेन अँड पॅलिएटिव्हच्या ओपीडीत. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिले तीन दिवस गुंगी आली, बद्धकोष्ठ झालं, त्याचं वेगळं औषध दिलं. चौथ्या रात्री त्या पाच तास सलग झोपल्या. त्या झोपल्यात म्हणून घरचे दोघं जागे राहिले, श्वास बघत.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर एवढं करा: उपचार करणाऱ्या डॉक्टरांना थेट विचारा, 'इथे पॅलिएटिव्ह केअर आहे का, तोंडाने घ्यायचं मॉर्फिन मिळतं का?' नाही म्हणाले तर कुठे मिळेल ते विचारा. बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचा स्कॅन, चालू गोळ्यांची यादी आणि आधार कार्ड एका फाइलमध्ये घेऊन जा. पेशंट हलू शकत नसेल तर घरी येणारी टीम आहे का तेही तिथेच विचारा.

पुढच्या भागात मैत्रीण स्वतः येणार आहे, नर्स. तिला गांजावर नाही बोलायचं. मॉर्फिनची गोळी घरात कशी ठेवायची, उरलेली कुणाला परत करायची, यावर बोलायचंय. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. एक मिनिटाच्या आतली, प्लीज.